रोजंदारीवरचा बॉलर

बेसबॉल मला जेमतेमच कळतो, हे आधीच सांगून टाकतो. पण अमेरिकन क्लायंटबरोबर काम करायचं म्हणजे सोमवारच्या कॉलमध्ये पहिली पाच मिनिटं हवामान आणि पुढची पाच मिनिटं बेसबॉल, हे ठरलेलंच. (आपल्याकडे ट्रॅफिक आणि क्रिकेट. फरक काय तो तेवढाच.) तर असं ऐकून ऐकून मला त्या खेळातला एक प्राणी ओळखीचा वाटायला लागला. रिलीफ पिचर!

म्हणजे कसं की मॅच सुरू करायला जो बॉल टाकतो तो स्टार्टर. मोठं नाव, मोठा पगार. तो दमला किंवा त्याला चोप बसायला लागला की मैदानाच्या कडेला एक कोंडवाडा असतो, त्याला बुलपेन म्हणतात, तिथून दुसरा माणूस मागवतात. तिथे चक्क एक फोन असतो. फोन वाजला की उठायचं, खांदे गरम करायचे आणि दुसऱ्याने करून ठेवलेल्या घाणीत उतरायचं. पंधरा-वीस बॉल टाकायचे आणि परत यायचं. कधी कधी तर फोन वाजतच नाही. जेसी ओरोस्को नावाचा एक डावखुरा पिचर होता, तो असं करत करत १,२५२ सामने खेळला. पिचर म्हणून इतके सामने दुसरं कोणीच खेळलेलं नाही. २००३ साली थांबला तेव्हा सेहेचाळीस वर्षांचा होता. आपल्यापैकी कोणी त्याचं नाव ऐकलंय? मीही नव्हतं ऐकलं.

एक नियम मात्र मला फारच आवडला. रिलीफ पिचर येतो तेव्हा आधीच्या पिचरने जे खेळाडू बेसवर पोचू दिलेले असतात, त्यांनी नंतर धावा काढल्या तर त्या आधीच्याच्या खात्यावर जातात, नव्याच्या नाही. प्रॉडक्शन सपोर्टमध्ये काम केलेल्या कुठल्याही माणसाला विचारा, या नियमासाठी तो काय वाट्टेल ते देईल. आमच्याकडे रात्री अडीच वाजता फोन उचलणाराच गुन्हेगार. कोड कोणी का लिहिला असेना, मेलमध्ये नाव आपलं!

असो. या रिलीफ पिचरांमध्येही एक पोटजात असते, 'जर्नीमन'. एका टीमने सोडलं की दुसरी, तिने सोडलं की तिसरी. ऑक्टाव्हियो डोटेल असा तेरा टीम फिरला. मला आधी वाटलं, जर्नी म्हणजे प्रवास, म्हणून जर्नीमन म्हणजे भटक्या. पण शब्दाची मुळं शोधली तर वेगळंच निघालं. फ्रेंचमध्ये 'जुर्ने' म्हणजे दिवस, दिवसभराचं काम. कारागिरी शिकून झाली आहे, हात तयार आहे, पण स्वतःचं दुकान नाही, म्हणून जो दुसऱ्याकडे दिवसाच्या मजुरीवर काम करतो तो जर्नीमन. म्हणजे आपल्या भाषेत रोजंदारीवरचा.

हे वाचलं आणि मला एकदम आमचं कुरकुंभ आठवलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पुण्याहून सोलापूर रोडने निघालात की यवत, चौफुला, पाटस आणि मग कुरकुंभ. उजवी-डावी न बघताही कळतं, कारण नाकाला कळतं. केमिकल एमआयडीसी. बाहेरच्या लोकांना फिरंगाईचं देऊळ माहीत असतं, नाहीतर २०२४ च्या फेब्रुवारीत पुणे पोलिसांनी इथे पकडलेलं मेफेड्रॉन. आम्हाला माहीत असतं ते सकाळी सात वाजता कंपन्यांच्या गेटवर उभं राहणारं कॉन्ट्रॅक्टवरचं पब्लिक. गळ्यात गेटपास, हातात डब्याची पिशवी. कंपनी तीच, प्लांट तोच, मशीन तेच, पण दर काही महिन्यांनी कॉन्ट्रॅक्टर बदलतो आणि माणूस कागदावर पुन्हा नवीन होतो. बारा-बारा वर्षं नवीन असलेली माणसं मी बघितली आहेत.

आता रोजंदारीवरचा बॉलर म्हटल्यावर आपल्याकडचं नाव एकच. प्रवीण तांबे.

तांबेची गोष्ट तुम्हाला माहीत असेलच, निदान तो सिनेमा तरी. २०२२ च्या एप्रिलमध्ये हॉटस्टारवर आला होता, श्रेयस तळपदेचा. (श्रेयसने २००५ मध्ये 'इक्बाल' केला आणि सतरा वर्षांनी हा. मराठी माणसाला हिंदीत बॉलिंग टाकायची असेल तर एकच उमेदवार दिसतो!) पण सिनेमात जे राहून जातं किंवा घाईत उरकतं, तेच मला जास्त इंटरेस्टिंग वाटतं. म्हणून थोडं तपशिलात जातो.

जन्म ८ ऑक्टोबर १९७१, मुंबई. राहायला मुलुंड. म्हणजे तांबे सचिनपेक्षा दीड वर्षाने मोठा. हे वाक्य दोनदा वाचा. सचिन १९८९ मध्ये पाकिस्तानात टेस्ट खेळत होता तेव्हा तांबे अठरा वर्षांचा होता. आणि तांबेला पहिली मोठी मॅच मिळाली ती मे २०१३ मध्ये, राजस्थान रॉयल्सकडून. वय ४१. आयपीएलमध्ये इतक्या उशिरा पदार्पण तोवर कोणीही केलेलं नव्हतं. त्याआधी एकही रणजी नाही, एकही लिस्ट ए नाही, काहीच नाही. कॅप्टन होता राहुल द्रविड, तोही त्याच्यापेक्षा सव्वा वर्षाने लहान.

मग मधली वीस-बावीस वर्षं तो करत काय होता? तर कंपनीचं क्रिकेट खेळत होता. ओरिएंट शिपिंग नावाच्या कंपनीत नोकरी आणि तिच्याच टीमकडून खेळणं. हे नीट समजून घ्यायला पाहिजे, कारण सगळी गोम इथेच आहे. मुंबईत टाइम्स शील्ड नावाची स्पर्धा आहे, ऑफिसं एकमेकांविरुद्ध खेळतात. वेगवेगळ्या डिव्हिजन, चढउतार, सगळं साग्रसंगीत. एके काळी बँका, टाटा, महिंद्रा, मफतलाल, निरलॉन असल्या कंपन्या खेळाडूंना नोकऱ्या द्यायच्या आणि टेस्ट खेळलेली माणसं कंपनीची टोपी घालून मैदानात उतरायची. शिवाय १९४८ पासूनची कांगा लीग. ती मुद्दाम पावसाळ्यात, चिखलात, ओल्या विकेटवर खेळतात. तांबे आधी मीडियम पेस टाकायचा. कंपनीच्या कॅप्टनने एकदा त्याला लेगस्पिन टाकून बघायला सांगितलं आणि तो लेगस्पिनर झाला. पंचविशीच्या आसपास माणसाने सगळा टेक्नॉलॉजी स्टॅकच बदलावा तसं झालं हे. पुढे डी. वाय. पाटीलच्या टीममध्ये आला, त्यांच्या टी-ट्वेंटी स्पर्धेत दिसला आणि तिथून राजस्थानला.

त्यानंतरचे बारा महिने म्हणजे अक्षरशः सिनेमाच. त्याच वर्षी चॅम्पियन्स लीगमध्ये पाच सामन्यांत १२ विकेट, स्पर्धेत सगळ्यात जास्त. ६ ऑक्टोबर २०१३ ला दिल्लीत मुंबई इंडियन्सविरुद्ध फायनल झाली. सचिन आणि द्रविड दोघांचीही ती शेवटची टी-ट्वेंटी. मुंबईने दोनशेच्या वर मारले आणि त्यात तांबेच्या चार ओव्हरमध्ये १९ रन, २ विकेट. राजस्थान हरलं. त्याच महिन्याच्या शेवटी सचिन लाहलीला शेवटची रणजी मॅच खेळला आणि त्याच मोसमात तांबे मुंबईकडून पहिली रणजी मॅच खेळला, बेचाळीस वर्षांचा असताना. एका दारातून एक बाहेर, दुसऱ्या दारातून दुसरा आत. दोन फर्स्ट क्लास मॅच मिळाल्या. बस, दोनच.

आणि मग ५ मे २०१४, अहमदाबाद. कोलकात्याला १७१ हव्या होत्या आणि ते बिनबाद १२१ होते. गंभीर, उथप्पा दोघांची पन्नाशी. मॅच संपल्यातच जमा. पंधराव्या ओव्हरमध्ये वॉटसनने तिघांना काढलं. पुढची ओव्हर तांबेची. पहिलाच बॉल लेगस्पिनरच्या हातून सुटला तो वाइड गेला, पण मनीष पांडे पुढे आलेला, स्टंपिंग! मग युसूफ पठाण, बॉलरच्याच हातात कॅच. मग टेन डुशखाटे एलबीडब्ल्यू. बिनबाद १२१ वरून ६ बाद १२३. राजस्थान दहा रनने जिंकलं, मॅन ऑफ द मॅच तांबे.

इथे माझ्यातला इंजिनिअर जागा होतो. वाइडवर स्टंपिंग झालं तर विकेट बॉलरला मिळते, पण बॉल मोजला जात नाही. म्हणजे तांबेने हॅटट्रिक घेतली ती कायदेशीर बॉल दोनच टाकून. तीन विकेट, दोन बॉल! स्कोअरबोर्डचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या कुणीतरी 'हॅटट्रिक म्हणजे सलग तीन वैध चेंडूंवर तीन बळी' अशी कंडिशन घातली असती तर त्या दिवशी ती हॅटट्रिक मशीनला दिसलीच नसती. टेस्ट केस लिहिताना मी हे उदाहरण ज्युनिअर पोरांना नेहमी देतो. पोरं हसतात आणि पुन्हा तशीच कंडिशन लिहितात :-)

त्या मोसमात १५ विकेट. आणि मग खरी रोजंदारी सुरू झाली. राजस्थानवर बंदी आल्यावर २०१६ ला गुजरात लायन्स. २०१७ ला हैदराबादने दहा लाखांना घेतलं आणि बसवून ठेवलं. बेंच! आमच्याकडे बेंचवर असलं की निदान एसी आणि फुकट कॉफी असते. २०१८ ला शारजात टी-टेन लीगमध्ये गेला आणि एकाच मॅचमध्ये दोन ओव्हर टाकून पंधरा रनमध्ये पाच विकेट, त्यात गेल, मॉर्गन आणि पोलार्ड. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस! डिसेंबर २०१९ च्या लिलावात कोलकात्याने (हो, तेच ज्यांच्याविरुद्ध हॅटट्रिक) वीस लाखांना घेतला आणि मग बीसीसीआयने सांगितलं की तू परदेशातली टी-टेन खेळलास, त्यामुळे तू आयपीएलला अपात्र. मग त्याच मालकांची वेस्ट इंडीजमध्ये टीम आहे, त्रिनबागो नाइट रायडर्स, तिथे त्याला पाठवलं. ऑगस्ट २०२० मध्ये कोविडच्या बबलमध्ये तांबे कॅरिबियन लीग खेळणारा पहिला भारतीय झाला. वय ४८. त्रिनबागो त्या वर्षी एकही मॅच हरली नाही, बाराच्या बारा जिंकून चॅम्पियन. पुढे तो कोलकात्याच्या सपोर्ट स्टाफमध्ये गेला. आयपीएलचा एकूण हिशोब ३३ सामने, २८ विकेट.

तर आता मुद्द्यावर येतो. हा सिनेमा आला त्या वर्षी आमच्या त्या वेळच्या कंपनीत (नाव नको) एचआरने एक सेशन ठेवलं. सगळ्यांना ऑडिटोरियममध्ये बसवून तांबेच्या क्लिप दाखवल्या. द्रविड त्याच्याबद्दल किती आदराने बोलतो तेही दाखवलं. शेवटी स्लाइड, 'नेव्हर गिव्ह अप'. टाळ्या, सामोसे. त्यानंतर दीड महिन्यात बेंचवरच्या लोकांना एक एक करून छोट्या केबिनमध्ये बोलवायला लागले. माझ्या शेजारी बसणारा, माझ्याहून चांगला कोड लिहिणारा एक जण असाच गेला. जाताना मला म्हणाला, "अरे, गिव्ह अप मी नाही केलं, त्यांनी केलं."

तेव्हापासून मला ही प्रेरणादायी कथा ऐकली की पोटात काहीतरी ढवळतं. कथा खोटी नाही, एकही आकडा खोटा नाही. पण सांगताना तिच्यातली एक गोष्ट हळूच काढून ठेवतात.

ती गोष्ट मला दाखवली आमच्या दादाने. दादा म्हणजे चुलतभाऊ, वय सदतीस, कुरकुंभला एका प्लांटमध्ये कॉन्ट्रॅक्टवर. आणि टेनिस बॉलचा बॉलर. टेनिस बॉलने लेगस्पिन टाकणं हा वेड्यांचा उद्योग आहे. बॉल हलका, शिवण नाही, हवेत जास्त राहिला की सरळ उसात. पण दादा मनगटाने काहीतरी करतो आणि बॉल टप्पा पडून अडखळतो. दौंड तालुक्यात यात्रा, जयंत्या, नेत्यांचे वाढदिवस यांना स्पर्धा असतात आणि त्यात बाहेरगावचे एक-दोन खेळाडू पैसे देऊन आणतात. दादाला कधी पाटसवाले नेतात, कधी यवतवाले, कधी पार भिगवणपर्यंत. मॅचमागे पाचशे, हजार, कधी नुसतं मटण. मधल्या ओव्हरमध्ये मार बसायला लागला की कॅप्टन त्याच्याकडे बॉल फेकतो. रिलीफ पिचर अजून वेगळा काय असतो?

सिनेमा मी त्याला मोबाइलवर दाखवला, मोठ्या उत्साहाने. त्याने शांतपणे शेवटपर्यंत बघितला. मला वाटलं, आता डोळ्यात पाणी वगैरे. दादा म्हणाला, "आरं, पण त्याला कंपनी मॅच खेळायला सोडत होती का?"

म्हटलं, सोडत होती म्हणजे काय, कंपनीचीच टीम होती.

"मग त्या दिवसाचा पगार कापत नव्हते?"

मी गप्प. कारण प्रश्न बरोबर होता. टाइम्स शील्डच्या मॅचला जाणारा माणूस ऑफिसच्या कामालाच निघालेला असतो. दादाची मॅच रविवारी असते आणि त्याच रविवारी प्लांटमध्ये डबल ड्यूटी असते. वहिनीचं गणित साधं आहे. मॅचचे पाचशे, ड्यूटीचे त्याहून जास्त, आणि मुलीची शाळेची फी जूनमध्ये भरायची. तांबे वीस वर्षं थांबू शकला यात त्याची जिद्द आहेच, ती मी एक इंचही कमी करत नाही. पण तो उभा राहून वाट बघत होता ती फळी दुसऱ्या कुणीतरी टाकलेली होती. नोकरी, कंपनीची टीम, कांगा लीगच्या खेळपट्ट्या, मुलुंडहून मैदानापर्यंत नेणारी लोकल. लेगस्पिन टाकून बघ म्हणणारा कॅप्टनसुद्धा त्या फळीचाच भाग.

अमेरिकेतही हेच दिसतं. जिम मॉरिस नावाचा टेक्सासमधला शाळामास्तर पस्तिसाव्या वर्षी, १९९९ मध्ये, मेजर लीगमध्ये रिलीफ पिचर म्हणून उतरला. त्याच्यावरही २००२ मध्ये सिनेमा निघाला. एकूण २१ सामने खेळला. पण तो ज्या निवड चाचणीला गेला ती कुणालाही खुली होती. जा, रडार गनसमोर बॉल टाका, आकडा बोलेल. कुरकुंभच्या माणसाने कुठल्या गनसमोर टाकायचा? आम्ही मुंबईत मोडत नाही, महाराष्ट्राच्या संघटनेत मोडतो. ती पुण्यात आणि तिचं स्टेडियम पुण्याच्याही पलीकडे, गहुंज्याला. दौंडला रेल्वे आहे, राज्य राखीव दलाच्या तुकड्या आहेत, दोन्हीकडे खेळणारी माणसं आहेत, पण ती आधी भरती झालेली. भरतीचं वय गेलं की तो रस्ताही गेला. आणि लेदर बॉल दादाने आयुष्यात किती वेळा हातात धरला असेल? मोजून सांगता येईल.

कोणी म्हणेल, गुणवत्ता असती तर वर आला असता. त्यांना मी पद्माकर शिवलकरांचं नाव सांगतो. ५८९ फर्स्ट क्लास विकेट, १२४ सामने, आणि भारताकडून एकही टेस्ट नाही, कारण त्याच काळात बिशनसिंग बेदी होते. सत्तेचाळिसाव्या वर्षी मुंबईला गरज पडली तेव्हा पुन्हा रणजीत उतरले होते. २०२५ च्या मार्चमध्ये गेले. त्यांच्यात काय कमी होतं? काहीच नाही. जागा एक होती आणि ती भरलेली होती. आता त्यांची गोष्ट एचआरच्या सेशनमध्ये दाखवा ना! नाही दाखवणार. तिच्या शेवटी स्लाइड येत नाही.

मला स्वतःला तांबे आवडतो तो हॅटट्रिकसाठी कमी आणि २०१७ साठी जास्त. पंचेचाळीस वर्षांचा माणूस, दहा लाखांना घेतलेला, खेळवत नाहीत, तरी रोज नेटमध्ये बॉल टाकतोय. ही रोजंदारी मला कळते. फोन वाजेल म्हणून खांदा गरम ठेवायचा. त्याबद्दल सिनेमात फार काही नाही, कारण त्यात घडत काहीच नाही. गेल्या वर्षी मीही चार महिने अशाच एका सपोर्ट प्रोजेक्टवर होतो. सिस्टिम एकदाही पडली नाही. रिव्ह्यूमध्ये मॅनेजर म्हणाला, "इम्पॅक्ट दिसत नाही." आता काय सांगणार?

दादाने या दिवाळीनंतर खेळणं सोडायचं असं वहिनीला कबूल केलंय. गुडघाही बोलायला लागलाय. मी परवा फोन केला तर त्याने तांबेबद्दल एकच विचारलं, तो त्रिनिदादला गेला तेव्हा त्याच्या गुडघ्याला पट्टा होता का. मला माहीत नव्हतं. मग म्हणाला की येत्या रविवारी रावणगावला मॅच आहे, यवतवाले न्यायला तयार आहेत, पण रात्रपाळी लागली आहे. एका पोराला शिफ्ट बदलून मागितली आहे, तो उद्या सांगतो म्हणाला.